अंगणाचं काय करू? वाचक विचारतात

मागच्या अंकात आम्ही अंगण आणि ओट्याबद्दलचे प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर इतके प्रश्न आले की सगळे घेणं शक्यच नाही. बहुतेकांचं म्हणणं एकच, की घर झालं, समोरची जागा तशीच पडून आहे, आता आयडिया पाहिजे. चार प्रश्न निवडलेत, त्यात बाकीच्यांचंही बरंचसं येऊन जाईल.

प्रश्न : नमस्कार ताई, आमचं गाव आर्वी तालुक्यात. मागच्या वर्षी जुनं कवेलूचं घर पाडून स्लॅबचं बांधलं, समोर ४० बाय २५ ची जागा मोकळी सुटली. घराचं तोंड पश्चिमेला हाय. मिसेसनं मोबाईलवर गार्डनचे शंभर एक फोटो जमवून ठेवले, लॉन, पांढरे गोटे, फवारा असं सगळं. मुलगा म्हणते सरसकट पेव्हर ब्लॉक मारून टाका, झंझटच नको. आई म्हणते मले मिरच्या वाळवाले जागा ठेवा. कोणाचं ऐकाव समजून नाही राहिलं.
– एक शेतकरी भाऊ

उत्तर : भाऊ, आईपासून सुरुवात करा. कारण तुमच्या घरात अंगणाची खरी आयडिया फक्त त्यांनीच दिली, बाकी दोघांनी दिसण्याचं सांगितलं. एक वही घ्या आणि सगळे मिळून बसा आणि लिहा की वर्षभरात या जागेत काय काय होतं. तुरी येतात, कापूस उतरतो, ट्रॅक्टर वळतो, पोळ्याला बैलजोडी दारात येते तिचे पाय धुवायचे, पूजा करायची, तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन येतात, उन्हाळ्यात कुरड्या-पापड-मिरच्या वाळतात, रात्री बाजा पडतात, कधी घरचं कार्य निघालं तर पंगत बसते. हे सगळं जिथं होतं ती जागा आधी फक्कीनं (चुन्याच्या भुकटीनं) जमिनीवर आखून टाका, मग जे कोपरे उरतील ते झाडा-फुलांचे. माझा अनुभव असा आहे की असं आखल्यावर लोकांना लक्षात येतं, बाग करायला जागा वाटली होती तेवढी नाहीच, आणि तेच बरं आहे कारण तेवढीच बाग मे महिन्यात जगवता येते.

आता लॉनचं. तुमची जागा बरोबर हजार स्क्वेअर फूट भरते, म्हणजे ९३ चौरस मीटर. पूर्ण लॉन केलं आणि उन्हाळ्यात दिवसाला फक्त ५ मिलिमीटर पाणी दिलं (आपल्या मे महिन्याला हे कमीच पडतं), तरी रोजचं ४६५ लिटर होतं. म्हणजे दोन ड्रम भरून वर उरेल एवढं पाणी रोज गवताला, ज्या दिवसांत विहीर तळाला लागलेली असते. वहिनींनी जमवलेले फोटो टाकून द्या असं मी म्हणत नाही, त्यांनी हौसेनं जमवलेत. पण त्यातले बरेचसे फोटो थंड मुलखातले असतील, तिथं गवत पावसावरच हिरवं राहतं. त्या फोटोंतून गवत घेऊ नका, मांडणी घ्या. म्हणजे वाट सरळ न नेता थोडी वळवलेली आहे का, बसायची जागा कुठल्या झाडाखाली आहे, उंच झाड मागे आणि बुटकं पुढे कसं लावलंय, हे पाहून घ्या. झाडं मात्र आपल्या गावातली. आणि ती शोधायची जागा म्हणजे तुमचं गाव, भर मे महिन्यात दुपारी ३ वाजता. डोक्याला दुपट्टा बांधून एक चक्कर मारा, कोणाच्या दारात काय हिरवं आहे ते बघा आणि त्या घरच्या काकूंना विचारा की याला पाणी किती देता हो. जी म्हणेल "काही नाही, भांडे घासल्याचं पाणी जाते तेवढंच", तिच्याकडून पावसाळ्यात काडी मागून आणा. कोणी नाही म्हणत नाही. बोगनवेल, मधुमालती, पांढरा चाफा, पारिजातक, टगर, गोडनिंब (कढीपत्ता), मुनगा (शेवगा), ही सगळी अशीच मागून आणलेली झाडं असतात आपल्याकडे.

अजून एक, सेवाग्राम तुमच्याच जिल्ह्यात आहे. गांधीजी १९३६ मध्ये तिथं राहायला आले. लोक जातात आणि कुटीत डोकावून परत येतात, तुम्ही घरच्यांना घेऊन जा आणि यावेळी तिथलं अंगण बघा. मातीच्या भिंती, बांबू, कवेलू, मोठ्या झाडांची सावली आणि खाली साफ झाडलेली मोकळी जमीन. लॉन नाही, फवारा नाही, तरी बसावंसं वाटतं. का वाटतं ते तिथं बसून घरातल्या सगळ्यांनी बोला, तुमचं निम्मं प्लॅनिंग तिथंच होईल.

पश्चिमेचं तोंड म्हणजे उन्हाळ्यात दुपारी ३ नंतर भिंत तापणार, रात्री ११ पर्यंत घर भट्टीसारखं राहणार. इथं एक गोष्ट नीट बघा. आपल्याकडे मे महिन्याच्या शेवटी सूर्य भर दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो आणि मावळतो पश्चिमेच्या थोडा उत्तरेकडे. हिवाळ्यात तोच दक्षिणेकडे सरकतो. म्हणून सावलीचं मोठं झाड, कडुनिंब म्हणा की करंज, वायव्य कोपऱ्यात लावा, घरापासून निदान १५-२० फूट लांब, आणि नैर्ऋत्य कोपरा मोकळा सोडा. उन्हाळ्यात भिंतीवर सावली आणि हिवाळ्यात ओट्यावर ऊन, दोन्ही मिळतं, आणि आईच्या मिरच्यांची जागा पण तोच मोकळा कोपरा. झाड मोठं होईपर्यंत चार-पाच वर्षं ओट्यापुढे पाइपाचा किंवा बांबूचा मांडव टाका, वर उन्हाळ्यापुरती ग्रीन नेट, आणि बाजूनं मधुमालती चढवा. पिंपळ, वड, उंबर घराजवळ नको, त्यांच्या मुळ्या भिंतीत शिरतात.

मुलाचं पेव्हर ब्लॉकचं म्हणणं सगळं चूक नाही. ट्रॅक्टर जिथून जातो त्या पट्ट्यात बसवा, पण ८० एमएमचे, ६० वाले पायी आणि गाडीपुरते ठीक. सरसकट नको, कारण तो सगळा दिवस तापतो, पाणी जमिनीत मुरू देत नाही आणि त्यावर अनवाणी बैल पण नीट उभा राहत नाही. बाकीची जागा मुरूम टाकून धुम्मस करा (ठोकून घट्ट बसवा), वरून सडा-सारवण. ज्यांना सारवण होत नाही त्यांनी शहाबादी किंवा कोटा फरशी, पण खरबरीत बाजू वर. माझ्या माहेरी ओट्याला चकचकीत टाइल लावली होती, पहिल्याच पावसात आजीचा पाय घसरला, खुबा मोडला, ती परत चालली नाही. त्यामुळे ओट्यावर गुळगुळीत काही लावू नका हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगते.

प्रश्न : आम्ही दर्यापूर तालुक्यातले, खारपाणपट्टा. बोअरचं पाणी तोंडात घेववत नाही असं खारं. चार वेळा गुलाबाचे रोपं आणले, चारही वेळा जळाले. दुसरं म्हणजे तीन वर्षांपूर्वी ओट्याला टाइल लावली, तिला सगळीकडून भेगा पडल्या आणि एका बाजूनं ओटा खचला. मिस्त्री म्हणतो टाइल खराब होती. पुन्हा खर्च करावा का?
– एक वाचक

उत्तर : टाइल खराब नसावी, खाली भारी काळी माती आहे. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, वावरात हात जाईल अशा भेगा पडतात त्या तुम्ही पाहताच. घराचा पाया खोल असतो म्हणून तो जागचा हलत नाही, ओटा मात्र वरच्या मातीवर बसलेला असतो म्हणून तो वरखाली होतो, आणि दोन्ही एकमेकांना सिमेंटनं जखडलेले, मग फुटणारच ना. पुन्हा नुसती टाइल बदलली तर पैसे पाण्यात. करायचंच तर पूर्ण उखडा, दीड-दोन फूट काळी माती काढून बाहेर फेका, मुरूम ६-६ इंचाच्या थरानं टाका, प्रत्येक थराला पाणी मारून धुम्मस करा, आणि जमत असेल तर एक पावसाळा तसाच खाऊ द्या. जे बसायचं ते बसून जाईल. मग वर गिट्टीचा थर आणि फरशी. घराच्या भिंतीला ओटा चिकटवू नका, मधे अर्ध्या इंचाची सांध ठेवून ती डांबरानं भरा म्हणजे तिथून पाणी पायात उतरणार नाही. आणि उतार घरापासून बाहेर, १० फुटाला २ इंच. मिस्त्री उतार "नजरेनं" देतो म्हटला तर ऐकू नका, लेव्हल ट्यूब लावायला सांगा.

आता पाणी. खाऱ्या पाण्यात क्षार असतात, पाणी उडून जातं आणि क्षार मातीत राहतात, वरती पांढरा थर येतो तो हाच. मुळाला मग ओल असून पाणी ओढता येत नाही, पानांच्या कडा आधी तपकिरी होतात आणि मग रोप जातं. गुलाब या बाबतीत फारच नाजूक, त्याचा नाद जमिनीत तरी सोडा. बोगनवेल, करंज, कडुनिंब, बोर हे तग धरतात, सदाफुली पण बऱ्यापैकी चालते. झाड सपाट जमिनीत नको, विटांच्या कडा लावून दीड फूट उंच वाफा करा, त्यात बाहेरून आणलेला मुरूम, पोयटा आणि चांगलं कुजलेलं शेणखत, म्हणजे पावसाळ्यात क्षार धुऊन खाली निघून जातात. पाणी रोज घोटभर देऊ नका, चार दिवसांनी द्या पण भरपूर द्या, आणि बुडाशी द्या, पानांवर शिंपडू नका.

आणि मोगरा, गुलाब, तुळस ज्यांना गोडं पाणीच लागतं ते कुंडीत लावा आणि त्यांच्यासाठी स्लॅबचं पाणी साठवा. हिशेब करून बघा, २० बाय ३० चा स्लॅब म्हणजे ५६ चौरस मीटर, १० मिलिमीटरचा एक पाऊस झाला की ५६० लिटर पडतं, सांडलं-उडालं धरून साडेचारशे तरी हाती लागतं. वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला तरी ३० हजार लिटरच्या वर पाणी तुमच्या डोक्यावर पडून नालीत जातं, आणि आपण खारं पाणी उपसत बसतो. पहिले एक-दोन पाऊस सोडून द्या, स्लॅब धुतला जाऊ द्या, नंतर पाइपाला जाळी लावून टाकीत घ्या. ५ हजार लिटरची टाकी असेल तर वीस-पंचवीस कुंड्या उन्हाळा काढतात, कुंडीच्या मातीवर सोयाबीनचं कुटार दोन-तीन इंच पसरवलं तर अजूनच पुरतं. फक्त खोडाला लागून कुटार नको, उधई (वाळवी) लागते. कोणती रोपं चालतील हे कोणाला विचारावं ते पण सांगते, अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात दरवर्षी शिवारफेरी (विद्यापीठाच्या शेतांची पाहणी) असते, तिथं जाऊन आपल्या पाण्याबद्दल विचारा, आणि जाताना बोअरच्या पाण्याची एक बाटली आणि मातीचा नमुना सोबत न्या.

प्रश्न : ताई, मी साकोली तालुक्यातली, नवीन सून आहे. मला दारात रातराणी लावायची खूप इच्छा आहे पण सासूबाई म्हणतात वासानं साप येते. आणि पावसाळाभर अंगणात पाणी साचते ते वेगळंच.

उत्तर : साप वासाला येत नाही गं. तो बेडूक आणि उंदराच्या मागे येतो, आणि तुमच्याकडे भाताच्या बांध्या, तलाव, पावसाळाभर बेडूकच बेडूक. पण सासूबाईंचं म्हणणं उडवून लावू नकोस, रातराणीचं झुडूप खालून दाट होतं, गारवा राहतो, तिथं साप दडून बसू शकतो, त्यांनी आयुष्यात कधीतरी पाहिलं असेल म्हणूनच म्हणतात. तर दोघींचं राहील असं कर, रातराणी दारापासून १०-१२ फूट लांब कंपाउंडजवळ लाव, वास तरी पण ओसरीत येतोच. खालच्या एक-दीड फुटापर्यंतच्या फांद्या छाटत राहा म्हणजे बुड उघडं दिसेल, आणि भिंतीला लागून तीन फुटांचा पट्टा पूर्ण स्वच्छ ठेव. तिथं विटा, कवेलू, काड्या काही रचून ठेवायचं नाही. रात्री टॉर्च घेऊनच बाहेर पडायचं.

पाण्यासाठी अंगणात मुरूम टाकून मधला भाग उंच करा आणि दोन्ही बाजूंनी उताराच्या नाल्या काढून घरामागे सांदवाडीकडे वळवा. जिथं ते पाणी आणि न्हाणीचं पाणी जाऊन मुरतं तिथं कर्दळ, केळ आणि धोपा (अळू) लाव. कर्दळीची लाल-पिवळी फुलं पण होतात आणि धोप्याच्या वड्या पण होतात, सासूबाई खूश होतील. मोगरा मात्र उंचावर लाव, त्याला पायात पाणी चालत नाही.

प्रश्न : गावातल्या बकऱ्या काहीच ठेवत नाहीत. तारेचं कंपाउंड परवडत नाही. कुंपणाला काय लावाव?
– घाटंजी तालुक्यातून

उत्तर : अडुळसा आणि निरगुडी. दोन्ही कडू, जनावरं तोंड लावत नाहीत, आणि दोन्ही औषधी म्हणून घरात उपयोगी. कण्हेर पण बकऱ्या खात नाहीत आणि फुलते सुंदर, पण ती पूर्ण विषारी आहे, छाटलेल्या फांद्या चाऱ्यात गेल्या तर जनावर दगावतं, म्हणून लहान पोरं आणि गोठा असलेल्या घरी मी ती सांगत नाही. मोगली एरंडाच्या बियांचं पण तेच, पोरं फोडून खातात.

जूनमध्ये दोन-तीन पाऊस झाले की बोटाएवढ्या जाड, फूटभर लांब काड्या कापा, अर्धी काडी जमिनीत जाईल अशी खोचा, फूट-फूट अंतरावर, दोन ओळीत, पुढच्या ओळीतली काडी मागच्या दोन काड्यांच्या मधे येईल अशी. पहिली दोन वर्षं बाहेरून बोरी-बाभळीच्या काट्या टाका, कारण बकरी खात नसली तरी तुडवते. गुडघ्याएवढी झाली की शेंडे छाटा, मग ती आडवी भरते.