ऑफिसातलं इंग्रजी आणि आपली टिमकी

तू विचारलंस, ‘दादा, इंग्रजीच्या आयएल्ट्स परीक्षेत लिसनिंगला आठ बँड आले, मग इंग्लंडमधल्या लीड्सच्या ऑफिसात बोलणं समजायला अडचण नाही ना येणार?’ येईल रे. शब्द सगळे ओळखीचे असतील आणि वाक्याचा पत्ता लागणार नाही. त्यातही गाण्याबजावण्यातून आलेली वाक्यं.

माझ्या पहिल्याच आठवड्यात मॅनेजर बाईंना विचारलं, शुक्रवारी किती वाजता भेटायचं? म्हणाल्या, ‘लेट्स प्ले इट बाय इअर.’ कानाचं काहीतरी म्हणताहेत म्हणजे फोन करणार, असं मी धरून चाललो आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मोबाइल समोर ठेवून बसलो. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की आत्ता ठरवायला नको, त्या दिवशी जमेल तसं बघू. आपल्या गिरगावच्या चाळीत गणपतीत पेटीवर बसणारे काका आठव. समोर नोटेशन कधीच नसायचं. बुवांनी भजन उचललं की कानाने सूर धरून मागोमाग जायचे. तेच हे. असं काही कळलं नाही तर तिथल्या तिथे अर्थ विचार, कुणी हसत नाही.

पेटीवरून आठवलं, ‘पुल आउट ऑल द स्टॉप्स’. ‘स्टॉप’ ऐकून थांबू नकोस! चर्चमधल्या पाइप ऑर्गनला ओढायच्या मुठी असतात, आपल्या पेटीला असतात तशाच. एकेक मूठ ओढली की नळ्यांचा एकेक संच बोलू लागतो. सगळ्या ओढायच्या म्हणजे होती नव्हती ती ताकद लावायची.

‘रिंग अ बेल’ म्हणजे नाव ऐकून काही आठवतंय का. ‘फॉर अ सॉन्ग’ म्हणजे मातीमोल भावात. जुना सोफा असा मिळाला तर घेऊन टाक.

पण ‘ब्लो युअर ओन ट्रम्पेट’ नीट समजून घे. अमेरिकेत ट्रम्पेटऐवजी हॉर्न म्हणतात. आपल्याकडे हीच स्वतःची टिमकी वाजवणं. अप्रेझलला, म्हणजे वर्षाच्या कामाच्या आढाव्याला, साहेब मला म्हणाले, तुझं ट्रम्पेट जरा जास्त वाजव. मला टोमणा वाटला, दोन दिवस डोक्यात राग होता. पण ते मनापासून सांगत होते. वर्षभराचं काम मी फॉर्मवर तीन ओळींत उरकलं होतं. आपल्या घरी आपल्याच कामाबद्दल बोलणं वाईट दिसतं. तिथे तू सांगितल्याशिवाय वरच्याला कळतच नाही आणि सांगण्याला कुणी आगाऊपणा म्हणत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही ठेव: काय केलं, कधी केलं, त्याने कुणाचं काय अडलेलं सुटलं.