गोव्याहून मुलांना रोलर कोस्टरसाठी कुठे न्यावं? घरचे म्हणतात, एवढा खर्च कशाला, जत्रेतला ड्रॅगन काय वाईट आहे?

मोठा रोलर कोस्टर गोव्यात नाही. खोपोलीजवळचं इमॅजिका किंवा बंगळुरूजवळ बिडदीचं वंडरला गाठावं लागेल. एस्सेलवर्ल्ड २०२२ मध्येच बंद झालं. पण मी लिहायला बसलो ते तुमच्या घरच्यांच्या वाक्यामुळे. हेच मला माझ्या भावोजींनी ऐकवलं होतं.

मी डिचोलीचा. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तोपर्यंत खाणीवर फिटर होतो. आमच्या भागातल्या एका जत्रेत भाचा ड्रॅगनसाठी रांगेत होता, मी कठड्यापाशी उभा. गाडी वळणावर आली की रुळाच्या पायाखालचा लाकडी ठोकळा हलत होता. फेरी थांबली, भाचा डब्यात बसला, आणि दोन डबे जोडणारी पिन माझ्या डोळ्यांसमोर आली. ती निसटू नये म्हणून खाली कॉटर पिन लागते. तिच्या जागी सळ्या बांधायची तार होती, दोन पीळ दिलेली. धक्के बसून असली तार सुटते, हे फिटरला कुणी सांगावं लागत नाही. मी पोराला उचलून बाहेर काढलं. चालवणारा म्हणाला, रोज चालतं, काही होत नाही. पोरगा रडायला लागला, ताई खाज्यांचा पुडा धरून गप्प, आणि भावोजी चारचौघांत म्हणाले, "तुला जिथंतिथं खाणच दिसते. लोखंड ते लोखंड, पार्कातलं काय सोन्याचं असतं?"

लोखंडच असतं, पण ते काँक्रीटच्या पायात कायमचं रोवलेलं. मोठ्या कोस्टरला तीन तऱ्हेची चाकं असतात: रुळावर धावणारी, बाजूने धरणारी आणि रुळाला खालून पकडणारी. म्हणून उलटा झाला तरी डबा सुटत नाही. चढावर टकटक ऐकू येते ती खटक्यांची, साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून लावलेल्या. पुढचा टप्पा मोकळा नसेल तर मागची गाडी ब्रेकवर आपोआप अडते. जत्रेतला ड्रॅगन दर मुक्कामाला सुटा होऊन ट्रकवर चढतो आणि पुन्हा उभा राहतो. प्रत्येक वेळी प्रत्येक बोल्ट नव्याने आवळायचा. किती जण तो निगुतीने आवळतात?

भावोजी अजून म्हणतात, त्या दिवशी काही झालं का? झालं नाही. म्हणून ती तार कॉटर पिन होत नाही.

सगळे जत्रावाले असे नसतात, काही जण यंत्र चोख ठेवतात. आणि पार्क म्हटलं की डोळे मिटायचे असंही नाही. अहमदाबादच्या कांकरियाला २०१९ मध्ये लंबकासारखा झुलणारा मोठा झोपाळा तुटून माणसं गेली.

इमॅजिकाला जायचं तर मांडवी किंवा कोकणकन्या एक्सप्रेसने पनवेलला उतरा, पुढे रस्त्याने. तिथला नायट्रो पायाखाली फळी नसलेला, उलटासुलटा फिरवणारा. वंडरलाचा रिकॉइल तीच वाट उलट, पाठीच्या दिशेनेही नेतो. निघण्याआधी पोरांची उंची भिंतीला टेकवून मोजा. उंचीत बसलं नाही तर गेटवरून परत पाठवतात, आणि तिथे हुज्जत घालू नका, ती अट बरोबर आहे. कंबरेचं किंवा हृदयाचं दुखणं असेल त्याने खालीच थांबावं. शनिवार-रविवार टाळा.