जुन्या बोलेरोच्या मागच्या पाट्यांची कुरकुर: आधी बुश ओळखा, मग पाना हातात घ्या

तुमचा प्रश्न असा आहे: गाडी 2009 ची बोलेरो, सातारा-मेढा-केळघर असं नियमित जाणं, गतिरोधकावर मागून कुईकुई आवाज. पावसाळ्यात तो बंद होता, ऊन तापल्यावर परत सुरू झाला. गॅरेजमध्ये पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) डिझेल आणि जळकं ऑइल मारलं, चार दिवस शांतता, पुन्हा तेच. आता सगळे पाटेच बदला म्हणतात.

पाटे बदलायची घाई करू नका. पावसात बंद आणि उन्हात चालू, या एकाच गोष्टीवरून बरंच कळतं. पाटा तुटलेला असता किंवा पाट्यांना मध्यभागी एकत्र धरणारा सेंटर बोल्ट गेला असता तर पावसाळ्यातही आवाज आला असता. हा कोरड्या रबरी बुशचा (जोडांमध्ये बसवलेल्या रबराच्या नळीचा) किंवा गंजलेल्या पाट्यांच्या घासण्याचा आवाज आहे. तिथे पाणी शिरलं की घर्षण कमी होतं आणि आवाज थांबतो.

रबरी बुश मुळात घसरण्यासाठी केलेलाच नसतो. आतली लोखंडी नळी बोल्टने घट्ट धरलेली असते, बाहेरची बाजू पाट्याच्या डोळ्यात (टोकाच्या गोल वळणात) घट्ट बसलेली असते आणि मधलं रबर पिळवटून हालचाल देतं. रबर कडक होऊन आकसलं किंवा नळीपासून सुटलं की ते पिळवटण्याऐवजी लोखंडावर सरकतं, आणि सरकताना ओरडतं. म्हणून ऑइल, डिझेल, साधं ग्रीस किंवा गंज सोडवायचा स्प्रे हा त्यावरचा इलाज नाही. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगतं, मऊ पडतं आणि सुटायला लागतं. वर त्या तेलाला धूळ चिकटते. चार दिवसांची शांतता तुम्ही बुशचं आयुष्य देऊन विकत घेताय.

आवाज कुठला ते शोधायला स्प्रेची बाटली पुरते. एक लिटर पाण्यात चमचाभर भांड्याचा साबण घाला. गाडी सपाट जागी, पहिल्या गिअरमध्ये, चाकांना दगड लावून उभी करा. एकाला मागचा बंपर दाबून गाडी हलवायला सांगा. तुम्ही एका वेळी एकाच जागी पाणी मारा: आधी शॉकअपचे वरचे-खालचे बुश, मग पाट्याचा पुढचा डोळा, मग मागचे शॅकलचे (पाट्याचं मागचं टोक चेसीला जोडणाऱ्या हलत्या पट्ट्यांचे) बुश, सर्वात शेवटी पाट्यांच्या फटी. प्रत्येक ठिकाणी मिनिटभर थांबा. जिथे पाणी मारल्यावर आवाज बदलला, तोच गुन्हेगार. क्रम उलटा केलात तर पाट्यांवरचं पाणी ओघळून सगळीकडे जाईल आणि काहीच कळणार नाही. शॉकअपवर संशय असेल तर त्याचा खालचा बोल्ट काढून गाडी उभ्याउभ्याच हलवून पाहा. आवाज गेला तर काम स्वस्तात मिटलं.

त्यानंतर टॉमी (लोखंडी पहार) घालून डोळा आणि शॅकल हळूच उचका. रबराच्या पृष्ठभागावर बारीक भेगा असतील तर काळजी नको, जुन्या रबराला त्या पडतातच. पण भेग आरपार गेली असेल, नळी मध्यावरून सरकलेली दिसत असेल किंवा रबर बाहेर फुगून आलं असेल, तर बुश बदलायलाच हवा. कुईकुईऐवजी खटखट येत असेल तर लोखंडाला लोखंड लागतंय. तेव्हा शॅकलच्या पट्ट्या आतून झिजल्यात का तेही बघा, नाहीतर नवा बुशही लवकर जाईल.

बदलायचे तर दोन्ही बाजूंचे एकदम बदला. मागची चेसी स्टँडवर घ्या, एकट्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. अॅक्सलला वेगळा जॅक लावा, म्हणजे पाट्यावरचा ताण कमी-जास्त करता येतो. पिन (डोळ्यातून जाणारा बोल्ट) बहुतेक वेळा आतल्या नळीत गंजून बसलेली असते. आदल्या संध्याकाळी गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. जुना बुश टाकूनच द्यायचा आहे, त्यामुळे इथे तो चालतो. तरीही नाही निघाली तर दोन्ही बाजूंनी कापा, पण डोळ्याला गॅस लावू देऊ नका. पाटा पाणी दिलेल्या (तापवून कडक केलेल्या) स्टीलचा असतो. तापला की तिथलं पाणी उतरतं आणि पुढे डोळा उघडतो किंवा तुटतो. घाटात भरलेल्या गाडीचा डोळा तुटला तर अॅक्सल जागा सोडतो, म्हणून मी यावर एवढा जोर देतोय.

नवा बुश प्रेसवर बसवा. बाहेर लोखंडी कवच असेल तर जोर कवचावरच आला पाहिजे, रबरावर किंवा आतल्या नळीवर नाही. डोळा आतून पॉलिश पेपरने घासून गंज काढा. बसवताना फक्त साबणाचं पाणी वापरा. ते वाळतं आणि बुश डोळ्यात पकड घेतो. ग्रीस लावलंत तर ते तिथेच राहतं, बुश डोळ्यात फिरायला लागतो आणि तुमची कुरकुर नव्या मालासकट परत येते.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. अॅक्सल लोंबकळत असताना पिनचे आणि शॅकलचे नट पूर्ण आवळायचे नाहीत. हाताने लागतील तेवढेच लावा. चाकं बसवा, गाडी जमिनीवर उतरवा, मागून पाच-सहा वेळा दाबून हलवा, आणि मग खाली जाऊन सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. लोंबत्या स्थितीत आवळलं तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं. प्रत्येक खड्ड्याला त्या पिळात भर पडते आणि काही महिन्यांत रबर फाटतं. नवे बुश टाकूनही आवाज आला अशी तक्रार ऐकली की मी आधी हेच विचारतो: नट कधी आवळले? तुमच्या बोलेरोत हे काम सोपं आहे, कारण चाकं जमिनीवर असतानाही पाना पोचतो.

पाण्याच्या परीक्षेत आवाज पाट्यांमधूनच निघाला तर चेसी स्टँडवर घेऊन अॅक्सल खाली सोडा, म्हणजे पाट्यांची टोकं थोडी उघडतात. तारेच्या ब्रशने गंज आणि केळघरकडचा वाळलेला चिखल काढा, टोकांना ग्रॅफाइटची कोरडी पूड किंवा ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ थर द्या. त्याआधी डोळ्यांचे बुश प्लास्टिकच्या पिशवीने बांधून झाका. टोकांत नायलॉनचे पॅड असतील आणि झिजले असतील तर तेवढेच बदला. पाटे अॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट ढिले केले असतील तर सुमारे 500 किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क तपासा.

पॉलीयुरेथेनचे बुश सुचवतील. ते टिकतात, पण कडक असतात, हादरे केबिनपर्यंत आणतात आणि वेळच्या वेळी सिलिकॉन ग्रीस मिळालं नाही तर रबरापेक्षा जास्त ओरडतात. तुमच्या वापराला कंपनीचं रबरच घ्या. रबराला काही लावायचंच झालं तर सिलिकॉन ग्रीस किंवा ब्रेकच्या रबरासाठी मिळणारं लाल ग्रीस चालतं, तेही पुढच्या अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडी कलणं कमी करणाऱ्या दांड्याच्या) बुशला, बार पुसून अगदी पातळ. सिलिकॉनचा स्प्रे मात्र चाकाजवळ मारू नका. डिस्कवर किंवा ड्रममध्ये गेला तर ब्रेक धरणार नाहीत.