लोणारच्या काठावर सापडलेल्या काळ्या दगडाला चुंबक चिकटतो. ही उल्का असेल का? तळ्याकाठचे दगड ओळखायचे आणि जमवायचे कसे?

नाही. फोटो न बघताच सांगतो, उल्का नाही.

खरं तर मी इथे फारसा लिहीत नाही. पण ‘चुंबक चिकटतो’ हे शब्द वाचले आणि राहवलं नाही. आमच्या घरात या दोन शब्दांवरून सणावाराला एकमेकांकडे जाणं-येणं थांबायची पाळी आली होती.

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, बऱ्याच वर्षांपूर्वी लोणारला जाऊन आले. येताना मुठीपेक्षा थोडा मोठा काळा दगड पिशवीत घालून आणला. आणला तो आणला, वर शोकेसमध्ये लाल मखमलीवर ठेवला. घरी कोणीही आलं की चहाच्या आधी दगड. जुन्या हार्ड डिस्कमधून काढलेला चुंबक दोऱ्याला बांधायचा, दगडाजवळ न्यायचा, चुंबक ओढला गेला की पाहुण्यांकडे बघायचं. “आकाशातनं आलंय हे. लोखंड आहे आत.” पाहुणे हात जोडायचे. एका गृहस्थाने तर त्यावर कुंकू वाहिलेलं मी पाहिलंय.

मी भूगर्भशास्त्रात बी.एस्सी. केलं आणि पुढे नोकरी बँकेत केली. त्यामुळे सासरच्या-माहेरच्या सगळ्यांच्या मते माझं शिक्षण वाया गेलेलं. भाचीच्या साखरपुड्याला दाजींनी नवऱ्या मुलाच्या वडिलांसमोर तोच खेळ मांडला आणि मी म्हणालो, “दाजी, हा बेसॉल्ट आहे. आपल्या घराचा पाया ज्या दगडाचा आहे, तोच.” दाजी हसले. “पाव्हणं, तुमचं कॉलेज राहू द्या बाजूला. साध्या दगडाला चुंबक चिकटतो का कधी?”

घरासमोर रस्त्याचं काम चालू होतं. मी खाली गेलो, खडीच्या ढिगातून एक बोराएवढा तुकडा उचलून आणला आणि त्यांचाच चुंबक, त्यांच्याच दोऱ्याला, त्याच्याजवळ नेला. चुंबक सरळ खडीकडे वळला. खोलीत सगळे गप्प. दाजींनी खडी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि शांतपणे म्हणाले, “मग हीसुद्धा तिकडचीच असणार.”

यावर काय बोलणार? बहीण स्वयंपाकघरातून एवढंच म्हणाली, “तुझं ज्ञान तुझ्यापाशी ठेव, आज कार्य आहे.” पुढे दाजींनी गावातल्या कुणाकडून तरी पैसे देऊन त्या दगडाचं ‘सर्टिफिकेट’ आणलं. त्यावर गोल शिक्का, आणि ‘लोहतत्त्व : आहे’ एवढीच नोंद. तेही फ्रेम करून दगडाशेजारी लावलंय.

तर तुमच्यासाठी, आणि हे वाचत असतील तर दाजींसाठीही, नीट सांगतो. आपल्याकडचा काळा पाषाण, म्हणजे दख्खनच्या पठाराचा बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झाला. त्यात मॅग्नेटाइटचे, म्हणजे चुंबकाला ओढल्या जाणाऱ्या एका लोहखनिजाचे, बारीक कण सगळीकडे विखुरलेले असतात. पावसाळ्यानंतर ओढ्याच्या वाळूत काळी रेघ दिसते ना, तिच्यावर चुंबक फिरवा, मिशा येतात. ती याच दगडातून सुटलेली. म्हणजे लोणारला चुंबक न ओढणारा काळा दगड सापडला असता तर ती बातमी होती.

मग लोणारला उल्का पडली हे खोटं का? अजिबात नाही. पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचं ते विवर धडकेनेच झालंय. आधी वय पन्नास हजार वर्षांच्या आसपास धरायचे, नंतरच्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीत ते सुमारे 5 लाख 70 हजार निघालं. पण पुरावा म्हणून शास्त्रज्ञांनी कुणी काळा गोळा हातात धरून दाखवला नव्हता. 1973 साली ‘सायन्स’मध्ये जो निबंध आला, त्यात आघाताने काच झालेलं फेल्डस्पार (बेसॉल्टमधलंच एक खनिज), म्हणजे मॅस्केलिनाइट, हा मोठा पुरावा होता, आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. एवढ्या वेगाने आदळलेली वस्तू स्वतः वितळून, वाफ होऊन जाते. काठावर पडलेलं सगळं आपलंच, इथलं. उल्केचा तुकडा बघायचाच असेल तर काटोलचा बघा. 22 मे 2012 ला नागपूर जिल्ह्यात पडले होते ते दगड. बाहेरून पातळ काळी साल, आतून फिक्कट राखाडी आणि तुटलेल्या बाजूवर धातूचे चमकते ठिपके. तुमच्या दगडाला बुडबुड्यांची भोकं असतील तर विषय तिथेच संपला.

तरी पटत नसेल तर एक साधी मोजणी करा. मी दाजी बाहेर गेले असताना बहिणीच्या परवानगीने केली. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आधी नुसता दगड ठेवला : 580 ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य केला आणि दगड दोऱ्याने पाण्यात सोडला, पूर्ण बुडलेला पण तळाला न टेकलेला. आकडा आला 195. पाचशे ऐंशीला एकशे पंचाण्णवने भागा, म्हणजे दगड पाण्याच्या किती पट जड आहे ते कळतं : तीनच्या किंचित आत. बेसॉल्ट तेवढाच भरतो. नेहमीच्या दगडी उल्का साडेतीनच्या आसपास जातात, लोखंडी तर आठच्या जवळ. बहीण म्हणाली, “बरं, पण त्यांना सांगू नकोस.” म्हणून इथे सांगतोय.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मी जमवतो ते उजनी धरणाच्या काठावरचं. एप्रिल-मे मध्ये भीमेचं पाणी मागे हटतं, पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, गाळपेर जमिनी निघतात आणि लाटांनी माती धुऊन नेलेल्या पट्ट्यात खडे उरतात. काठ म्हणजे एक चाळणीच असते. बेसॉल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट, कॅल्सिडोनी असं बरंच काही भरलेलं असतं, पण मऊ असतं ते घासून जातं आणि काठावर राहते मुख्यतः गारगोटीच्या जातीची मंडळी. त्यामुळे संग्रहालयात दिसतात तसे स्टिल्बाइटचे गुलाबी-पीच गुच्छ तळ्याकाठी शोधू नका. ते विहिरीच्या नाहीतर खाणीच्या मलब्यात मिळतात. सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात जाऊन एकदा डोळे भरून बघून या, म्हणजे भलती आशा राहणार नाही.

ओळखायला फार काही लागत नाही. काचेच्या तुकड्यावर जोर देऊन ओढा. चरा उठला आणि दगडाचं काही बिघडलं नाही तर तो गारेच्या कुळातला : दुधी, मेणचट दिसणारा कॅल्सिडोनी, पट्टे असतील तर अकीक, लाल-तपकिरी आणि अपारदर्शक असेल तर जास्पर. पांढरा आहे पण काचेवर चरा येत नाही, तर लिंबू पिळा. फसफसला तर काळ्या मातीतली चुनखडी किंवा कॅल्साइट. इथे नवखे हमखास फसतात, पिशवी भरून चुनखडी घरी नेतात. फोटोवरून दगड ओळखणारी ॲप काढून टाका. माझ्या एका जास्परला एका ॲपने मांसाचा तुकडा म्हटलं होतं.

ओला दगड सुंदर दिसतो म्हणून घरी नेऊन वॉर्निश फासणाऱ्यांशी मी बोलत नाही. अंड्यांचा ट्रे घ्या, प्रत्येक खड्याखाली चिठ्ठी : कुठे, कधी, पाणी कुठपर्यंत होतं. चिठ्ठी नसलेला दगड म्हणजे दाजींचा दगड. त्याच्याबद्दल कोणी काहीही सांगावं.

दोन-तीन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. लोणार हे अभयारण्य आहे, राष्ट्रीय भूवारसा स्थळ आहे आणि 2020 पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. तिथून खडासुद्धा उचलायचा नाही. तुम्ही आणलाय तो पुढच्या खेपेला परत ठेवून या. चुंबकाची चाचणी अगदीच निरुपयोगी आहे असंही नाही. बहुतेक उल्कांना चुंबक ओढतो, त्यामुळे ओढत नसेल तर बहुधा उल्का नाही, एवढंच ती सांगते. उजनीचा गाळ वरून वाळलेला दिसतो आणि आत पाय रुततो, एकट्याने पाण्याच्या कडेला जाऊ नका. आणि कॅल्सिडोनीची लांबट, पातळ, दोन्ही कडा धारदार असलेली पाती दिसली तर ती निसर्गाने घडवलेली नसण्याची शक्यता खूप आहे. याच भीमेच्या खोऱ्यात, घोड नदीकाठी इनामगावला, डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 उत्खनन केलं. तिथल्या ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्यांची पाती याच दगडाची होती. अशी वस्तू उचलू नका, जागेवरच फोटो काढा आणि पुरातत्त्ववाल्यांना कळवा.

आणि हो, विकला तर किती येतील असंही खाली विचारलंय. तुमच्या भागात खडीचा ब्रासचा दर काय चाललाय ते बघा आणि त्या मानाने काढा.