रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग जिन्यावर दम का लागतो?

विषाणूसंसर्गातून उठून दोन महिने झालेले एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. वय ४४. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) बोलता बोलता त्यांचा हात खिशात गेला, पल्स ऑक्सिमीटर बाहेर आला, बोटाला लागला. रक्तातला ऑक्सिजन ९७ टक्के. परत खिशात. पाच मिनिटांनी पुन्हा तेच, ९८. तासाभरात अकरा वेळा.

"मॅडम, एक मजला चढलो की धाप लागते, छाती धडधडते. ईसीजी, इको, एक्स-रे, सगळं ठीक आहे. आता डॉक्टर सायकलवर बसवून तपासू म्हणतात. पण तिथंच काही झालं तर?"

असा प्रश्न 'मनाचे खेळ' म्हणून उडवून लावणं मला अजिबात पटत नाही. विषाणूसंसर्गानंतर काहींच्या हृदयाच्या स्नायूला सूज येते, हे खरंच आहे. ती असेल तर साधारण तीन ते सहा महिने दमवणारा व्यायाम बंद ठेवायला सांगतात. म्हणून आधी विचारलं: श्रम करताना छातीत दुखतं का, कधी शुद्ध हरपली का, आडवं झाल्यावर दम लागतो का? तिन्हींना 'नाही'. डॉक्टरांनीही सुजेची शक्यता तपासून बाजूला ठेवली होती. त्यानंतरच मी भीतीकडे वळले.

त्यांना एक गोष्ट कुणी नीट सांगितलीच नव्हती. ईसीजी आणि इको बहुधा आडवं झोपवून काढतात, आणि यांचा त्रास तर जिन्यावरचा! सायकलवरच्या चाचणीत तोंडावर मास्क असतो, छातीला ईसीजीच्या वायरी, दंडाला रक्तदाबाचा पट्टा. पेडलवरचा भार हळूहळू वाढवत नेतात आणि प्रत्येक श्वासातला ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइड मोजतात. दम फुफ्फुसामुळे लागतोय, हृदयामुळे की सवय मोडलेल्या स्नायूंमुळे, याचा बराचसा उलगडा त्यातून होतो. शेजारी प्रशिक्षित माणूस उभा असतो. हात वर केला की थांबवतात.

या 'थांबवतात'पाशी ते पहिल्यांदा सैल झाले. मग आम्ही खुर्चीत बसूनच तालीम केली: तोंडावर रुमाल, पायांची हालचाल, हाताची खूण. ऑक्सिमीटर मी काढून घेतला नाही. दिवसातून तीनदा, ठरलेल्या वेळी लावायचा, एवढंच ठरवलं.

शेजारी बसलेल्या पत्नी म्हणाल्या, "हे आता पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः उचलत नाहीत." आजारात दोन आठवडे अंथरूण, पुढे सहा आठवडे भीतीनं घेतलेली विश्रांती. मी त्यांना १९६६ सालचा अमेरिकेतल्या डॅलसमधला प्रयोग सांगितला. पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे नुसतं झोपवून ठेवलं, तर ऑक्सिजन वापरण्याची त्यांची कमाल क्षमता पाव हिश्श्याहून जास्त घसरली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे माझं दुखणं मीच लांबवतोय?" मी म्हटलं, "दोष तुमचा नाही. घाबरलेला माणूस जपूनच वागतो."

चाचणीत त्यांनी नऊ मिनिटं पेडल मारलं. ऑक्सिजन टिकला, हृदयाची लयही ठीक राहिली. कमाल क्षमता मात्र अपेक्षेपेक्षा कमी निघाली, आणि आधी थकले ते पाय. नाडीची कोणती मर्यादा ओलांडायची नाही हे त्या आकड्यांवरून ठरलं, आणि फिजिओथेरपिस्टनी रोजचं चालणं सुरू करून दिलं. मला तर वाटतं, औषधाइतकाच धीर नाडीच्या त्या एका आकड्यानं दिला.

पण हा मार्ग सरसकट सगळ्यांचा नव्हे. थोडे श्रम केले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळायला होतं, अशीही माणसं माझ्याकडे येतात. त्यांनी रेटून व्यायाम करू नये, आणि चाचणीची तारीख घेण्यापूर्वीच डॉक्टरांना हे स्पष्ट सांगावं. नुसतं उभं राहिल्यावर दहा मिनिटांत नाडी तिसाहून अधिक ठोक्यांनी वाढत असेल, तर तेही सांगावं. दोन्ही गोष्टी तारखेनिशी कागदावर लिहून न्याव्यात. तपासणीच्या खोलीत आठवत नाही.