एनव्हीएमई नंतर, आधी रिकव्हरी की कुणाच्या खात्यात आहे ते शोधा

साटा एसएसडीवरचं (जुन्या जोडणीच्या डिस्कवरचं) विंडोज ११ नव्या एनव्हीएमईवर (जास्त वेगवान एसएसडीवर) क्लोन केलं, म्हणजे जसंच्या तसं उतरवलं, त्या भानगडीत बायोसमधलं (मशीनच्या मूळ सेटिंग्जमधलं) सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होतानाची सुरक्षा तपासणी, बंद केलं आणि आता निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की (कुलूप उघडणारा क्रमांक) मागतंय, शिवाय बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन, तुम्ही कधी लावलंच नव्हतं. तुमचं हे वाचून पोटात गोळा आला. माझ्याकडे अगदी हेच झालं होतं.

स्लॉट कुठला, क्लोनिंगचं सॉफ्टवेअर कुठलं हे तुम्हाला कळतंय असं धरतो. आत्ता काहीही फॉरमॅट करू नका. बायोसमध्ये 'क्लिअर टीपीएम' (टीपीएम म्हणजे या कुलपाची किल्ली सांभाळणारी चिप) असं काही दिसलं तर त्याला हात लावू नका, आणि दुसऱ्या कुणाला लावूही देऊ नका. जुनी डिस्क परत बसवा, सिक्युअर बूट होतं तसं चालू करा आणि मशीन सुरू करून बघा. बदल तेवढाच असेल तर बहुतेक वेळा की न मागता विंडोज उघडतं, कारण टीपीएमला सगळं पूर्वीसारखंच दिसतं. उघडलं की सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जा, डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करा, डिक्रिप्शन (कुलूप काढणं) पूर्ण होऊ द्या आणि मगच नव्याने क्लोन करा. (प्रत्येक कंपनीचा बायोस वेगळा. मी इंजिनियर नाही, हौशी माणूस आहे. बिल माझ्या नावावर फाडू नका.)

बिटलॉकर न लावता लागलं कसं? बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं आणि की त्याच खात्यात जमा होते. खातं आपलं असेल तर चांगलीच सोय. माझं नव्हतं. लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानातल्या मुलाने 'सर, सेटअप करून देतो' म्हणत काउंटरवरच कुठलंतरी खातं काढून दिलं होतं. मी रोज पिन टाकून आत जायचो, वर ईमेल कुणाचा आहे ते बघतो कोण?

पुढे एनव्हीएमई बसवायला लॅपटॉप त्याच दुकानात दिला. त्यांनी सिक्युअर बूट बंद केलं, अडकल्यावर मला न विचारता टीपीएमही क्लिअर करून टाकलं. आता जुन्या डिस्कवरही की लागणार. खातं काढणारा मुलगा नोकरी सोडून गेलेला, खात्याला जोडलेला फोन नंबर कुणाचा ते कुणालाच ठाऊक नाही. मालक शांतपणे म्हणाले, 'फॉरमॅट मारून देतो, त्याचे पैसे घेत नाही.' उपकारच! त्या डिस्कवर आमच्या सोसायटीचा टॅलीचा डेटा होता, ऑडिट तोंडावर आलेलं. शेवटच्या बॅकअपनंतरची सगळी व्हाउचर्स फाइलमधून काढून पुन्हा टाइप केली. पावती दाखवून तक्रार केली, तर 'डेटाची जबाबदारी ग्राहकाची' या छापील ओळीवर बोट ठेवलं.

म्हणून जुन्या डिस्कनेही की मागितली तर पडद्यावरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं लिहून घ्या आणि घरातल्या प्रत्येकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातल्या रिकव्हरी कीजशी ताडून बघा. ऑफिसचं किंवा कॉलेजचं खातं त्या मशीनला जोडलं असेल तर की त्यांच्या आयटी विभागाकडेही असू शकते. आणि 'बिटलॉकर तोडून देतो' म्हणणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नका.

माझं मत विचाराल तर पुन्हा इन्स्टॉल करता न येणारं काही नसेल तर क्लोन करूच नका. डेटा बाहेर काढा आणि विंडोज कोरं टाका. ॲक्टिव्हेशन मदरबोर्डशी बांधलेलं असतं, डिस्क बदलल्याने जात नाही. वेगाचंही फार मनावर घेऊ नका. साटा साधारण ५५० एमबी प्रति सेकंद आणि जेन ३ (तिसऱ्या पिढीचं) एनव्हीएमई ३५०० पर्यंत, हे आकडे मोठ्या फाइल कॉपी करताना दिसतात. विंडोज सुरू व्हायला जो फरक पडायचा तो हार्ड डिस्क सोडली तेव्हाच पडून गेला.

क्लोननंतर की न मागता 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' आलं तर ते दुखणं वेगळं. एकदा सेफ मोडमध्ये सुरू करा, एनव्हीएमईचा ड्रायव्हर लोड झाला की पुढच्या वेळी बहुधा नीट चालतं. त्या पहिल्या वेळी जुनी डिस्क काढून ठेवा, दोन्ही लावून गोंधळ होतो.

जुनी डिस्क निदान महिनाभर पुसू नका. तिच्यासाठी बाहेरचं केस घ्याल तेव्हा ते साटाचं आहे का बघून घ्या. एम.२ (पट्टीसारख्या डिस्कचा आकार) ची साटा आणि एनव्हीएमई अशी दोन्ही केसं बाहेरून सारखीच दिसतात आणि दुकानदार एनव्हीएमईचंच हातात देतो.