पुण्याचा उकाडा, निफाडच्या गारा आणि डलासची हुडहुडी: तुमचे प्रश्न

हवामानावर प्रश्न मागवले तर एवढे आलेत की सगळे घेणं शक्य नाही. बऱ्याच प्रश्नांचं मूळ एकच आहे, दोन वेगवेगळ्या स्वभावाच्या हवा समोरासमोर आल्या की काय होतं. म्हणून तेच घेतलेत.

प्रश्न: निफाडला आमची द्राक्षबाग आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल काढायला आला की नेमकी गारपीट कशी होते? टीव्हीवाले म्हणतात थंड आणि गरम हवेची टक्कर, म्हणजे पुस्तकातली शीत आघाडी आपल्याकडे येते का?

शीत आघाडी, म्हणजे थंड हवा गरम हवेला ढकलत पुढे सरकते ती सीमा, आपल्याकडे नाही येत, पण टक्कर खरी आहे, फक्त ती टीव्हीवर दाखवतात तशी आडवी नसते, बरीचशी उभी असते. म्हणजे बघा, खाली जमिनीलगत बंगालच्या उपसागराकडून किंवा अरबी समुद्राकडून दमट वारं आत शिरतं आणि वर ५-६ किलोमीटरवर पश्चिमेकडून कोरडी थंड हवा येते, ती पश्चिमी झंझावाताबरोबर, जो भूमध्य समुद्राकडून इराण-पाकिस्तान करत हिमालयाकडे जातो आणि कधीकधी त्याचं शेपूट आपल्यापर्यंत लांबतं. खाली गरम दमट, वर थंड कोरडं, आणि दुपारचं ऊन जमीन तापवतंय. मग हवा जी वर सुटते ती सुटतेच. थेंब शून्य अंशाच्या पातळीच्याही वर जातात, गोठतात, वर चढणारी जोरदार हवा त्यांना धरून ठेवते, बर्फाचे थर चढत जातात आणि वजन पेलेनासं झालं की पडतात. जून-जुलैत ही गोठणपातळी बरीच वर असते आणि ढगात हवा एवढ्या जोरात चढत नाही, त्यामुळे भर पावसाळ्यात गारा फारशा दिसत नाहीत. २०१४ ला फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ, उत्तर महाराष्ट्र झोडपला गेला तो याच मांडणीमुळे, एकामागून एक झंझावात येत राहिले आणि दमट वारं काही हटेना.

आता कामाचं. दोन-चार दिवस आधी 'या जिल्ह्यांत शक्यता आहे' एवढंच सांगता येतं, तुमच्या गावात पडेल का ते नाही, कोणी छातीठोक सांगत असेल तर सोडून द्या. रडारवर ढग दिसला की मात्र एक-दोन तास हातात असतात. आणि मोबाइलवर तापमानापेक्षा ड्यू पॉइंट (दवबिंदू) बघत जा, हवेत बाष्प किती आहे ते त्यातून कळतं. तो ८ अंशांवरून दोन दिवसांत १८ वर गेला आणि वारा पूर्व-आग्नेयेकडून लागला तर सावध व्हा, जो माल निघण्यासारखा आहे तो काढून घ्या.

प्रश्न: पुण्यात जानेवारीत छान थंडी असते, मधेच मळभ येतं, स्वेटर नको वाटतो, आणि चार दिवसांनी आधीपेक्षा जास्त गारठा. असं का?

हा पण तोच झंझावात. तो उत्तर भारतात येताना आपल्याकडचं उत्तरेचं कोरडं वारं थांबतं, समुद्राकडची दमट हवा येते, ढग येतात आणि रात्री जमिनीची उष्णता वर निसटत नाही, म्हणून उकडतं. तो पुढे सरकला की मागून उत्तरेची हवा मोकळी सुटते, तीही हिमालयात ताजा बर्फ पडल्यावरची. आकाश निरभ्र, मग नाशिक-निफाड-पुण्याचा पारा धाडकन खाली.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत. आईबाबा साताऱ्याहून आलेत, बाबा म्हणतात इथे एका दिवसात तीन ऋतू होतात. सकाळी रिपरिप, दुपारी दमट, संध्याकाळी वादळ आणि दुसऱ्या दिवशी कडक थंडी!

बाबांनी बरोबर पकडलंय, त्यांना सांगा शाळेच्या भूगोलातली आकृती त्यांच्या डोक्यावरून गेली, अक्षरशः. मेक्सिकोच्या आखातावरची उबदार दमट हवा उत्तरेकडे येते तेव्हा तिथली थंड हवा जड असल्याने हलत नाही, मग उबदार हवा तिच्यावर हळूहळू चढते, उतार इतका कमी की साधारण १५०-२०० किलोमीटरला एक किलोमीटर. म्हणून आधी उंच विरळ ढग, सूर्याला नाहीतर चंद्राला खळं, मग ढग जाड होत जातात आणि तासन्‌तास रिपरिप. ही उष्ण आघाडी. ती गेली की दक्षिणेचं वारं, चिकचिक. मागून कॅनडाची थंड हवा येते, ही शीत आघाडी, ती पाचरीसारखी खाली घुसते, दमट हवेला झटक्यात वर फेकते, म्हणून काळ्या ढगांची रांग, तासभर धुवाधार, आणि वारा नैऋत्येचा वायव्येला वळतो. वारा वळला की छत्री मिटून ठेवा आणि जाकीट चढवा, पुढे स्वच्छ आणि थंड.

प्रश्न: डलासला दुपारी हाफ शर्ट, रात्री हीटर. हे नॉर्मल आहे का?

टेक्सासमध्ये हो. उत्तरेकडून अचानक घुसणाऱ्या थंड हवेला तिथे 'ब्लू नॉर्दर' म्हणतात. ११ नोव्हेंबर १९११ ला तुमच्या वरच्या ओक्लाहोमा सिटीत एकाच दिवशी २८ अंश सेल्सियस आणि उणे ८, दोन्ही नोंदले गेले. कारण असं की कॅनडापासून आखातापर्यंत मधे एकही आडवा डोंगर नाही, रॉकी पर्वत आहे तो उभा, उत्तर-दक्षिण. मेक्सिकोचं वेराक्रूझ मुंबईच्याच अक्षांशावर आहे तरी तिथे हिवाळ्यात उत्तरेचे सोसाट्याचे वारे येतात. आपल्याला सायबेरियाची हवा थेट लागत नाही ती हिमालयाची कृपा.

प्रश्न: MPSC ची तयारी करतोय. मान्सूनच्या पावसाला आघाडीचा पाऊस लिहू का?

नको. आघाड्यांची थिअरी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वेत बर्गनला ब्यर्कनेस पितापुत्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली, ती मध्य अक्षांशांची. आपण १६ ते २२ अंशांवर, इथे दोन बाजूंच्या हवेत तापमानाचा तेवढा फरक नसतो, फरक बाष्पाचा असतो.

प्रश्न: मुंबईत मार्चमध्ये एखाद्या दिवशी अचानक ३८-३९ कसं जातं?

खारे वारे उशिरा आले म्हणून. एरवी ते दुपारच्या आधीच आत येतात. पण पूर्वेचं वारं जोरात असेल तर ते दख्खनवरून तापून, सह्याद्री उतरताना दाबून आणखी गरम होऊन येतं आणि समुद्राच्या हवेला किनाऱ्यावरच अडवून धरतं. २८ मार्च १९५६ ला सांताक्रूझला ४१.७ नोंदलं गेलंय. दोन-तीन वाजता पूर्वेचं वारं दमलं की समुद्राची हवा घुसते, पारा काही अंश उतरतो आणि त्याच वेळी घामाच्या धारा सुरू होतात. ही एक छोटी आघाडीच आहे, पार्ल्याला पोचली तरी ठाण्याला अजून तासभर भाजत असतं.